वास गेला, विष राहिलं: खदानीत उतरलेल्या एका घरगुती हवायंत्राचं प्रकरण

नागपूरच्या बाहेर, हिंगण्याच्या अंगाला, एक बंद पडलेली गिट्टी खदान आहे. शहराच्या पूर्वेला जमिनीत ग्नाइस, पश्चिमेला काळा बेसाल्ट. त्यामुळे पश्चिमेकडे अशा खदानींना तोटा नाही. दगड काढून झाला की खड्डा उरतो, पावसाळ्यात भरतो आणि मग आजूबाजूची शेती, नर्सऱ्या त्या पाण्यावर जगतात. या खदानीच्या पाण्यावरही एक नर्सरी चालते. मे महिन्यात पाणी उतरलं म्हणून डिझेल पंप खाली पाण्यालगतच्या कपारीवर आणला होता. त्या ओढाताणीत सक्शन पाइपाच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह (पाइपातलं पाणी परत खाली न सोडणारी झडप) जाळीसकट तुटून तळाला गेला. तिथे पाणी साधारण ६ मीटर खोल.

तो काढायचं काम दोन भावांना मिळालं. भावांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे आणि विहिरीत पडलेल्या मोटारी, पाइप, फूट व्हॉल्व्ह काढून देण्याचा जोडधंदा. धाकटा पट्टीचा पोहणारा. पूर्वी तो नुसता दम धरून बुडी मारायचा. मग थोरल्याने गॅरेजमधल्या सामानातून एक यंत्र जमवलं, म्हणजे भावाला खाली अर्धा-पाऊण तास राहता यावं. वर कॉम्प्रेसर, मध्ये लांब पाइप, खाली तोंडात श्वास ओढला की हवा देणारा रेग्युलेटर. अशी यंत्रं जगात अनेक ठिकाणी उथळ पाण्यात वापरतात. फिलिपिन्समधले मच्छीमार कॉम्प्रेसरला पाइप जोडून जाळी ओढायला उतरतात आणि त्यात जीवही जातात.

इथे जीव गेला नाही. थोडक्यात वाचला. पुन्हा उतरायचं की नाही यावर घरात वाद झाला तेव्हा थोरल्याने मला बोलावलं. मी कारखान्यांच्या सुरक्षेचं काम करतो. बंद जागेतली हवा आणि श्वसनाची उपकरणं हा त्यातला माझा भाग. प्रकरण लिहिण्याची परवानगी दोघांनी दिली आहे. ओळख पटेल असं काही लिहिलेलं नाही.

यंत्र

पाया म्हणजे रंग मारायचा कॉम्प्रेसर: २ हॉर्सपॉवरचा, एका टप्प्याचा, तेलावर चालणारा, १०० लिटरच्या आडव्या टाकीवर बसवलेला. खदानीत वीज नाही म्हणून मोटर काढून पट्ट्यावर पेट्रोल इंजिन जोडलं होतं. इंजिनाचा सायलेन्सर आणि कॉम्प्रेसरचा हवा ओढणारा फिल्टर यांच्यात जेमतेम हातभर अंतर. टाकीतून हवा निघाली की आधी रंगकामातला तेल-पाणी गाळणारा सेपरेटर, मग ॲक्टिव्हेटेड कार्बनची नळी, मग ३० मीटर जाळीदार पीव्हीसी पाइप आणि टोकाला ऑनलाइन घेतलेला जुना स्कूबा रेग्युलेटर.

ती कार्बनची नळी थोरल्याने नंतर बसवली होती. सुरुवातीला धाकट्याची तक्रार असायची की हवेला तेलाचा आणि पेट्रोलच्या धुराचा वास येतो. थोरल्याने आरओच्या पाणी फिल्टरमधला कार्बन एका पीव्हीसी नळीत ठासून मध्ये जोडला. वास गेला. दोघांनाही वाटलं की हवा शुद्ध झाली. पुढचं सगळं समजून घ्यायचं तर ही नळी लक्षात ठेवावी लागेल.

रंगाचा कॉम्प्रेसर हवा भरपूर देतो, हे मान्य. २ हॉर्सपॉवरचा असा कॉम्प्रेसर प्रत्यक्षात मिनिटाला १३० लिटरच्या आसपास हवा देईल. पाण्याखाली जोर लावून काम करणारा माणूस मिनिटाला ४० लिटर श्वास घेतो असं धरा. ६ मीटरवर दाब १.६ बार, पृष्ठभागावरच्या १.६ पट, म्हणजे पृष्ठभागावरची ६४ लिटर हवा लागली. एका माणसाला पुरते. पुढे दुसरा पाइप जोडून दोन माणसं उतरवायचं थोरल्याच्या मनात होतं. तेव्हा मात्र हिशोब काठावर येतो आणि नागपुरी उन्हाळ्यात तापलेल्या यंत्राकडून कागदावरचा आकडा मिळतही नाही.

त्या दुपारी

यंत्र आधी खदानीच्या वरच्या काठावर ठेवायचं ठरलं होतं. पण मेमध्ये पाणी खोल गेलेलं. काठापासून पाण्यापर्यंतच कातळाची १२ मीटरच्या आसपास उभी भिंत. त्यात पाण्यातली खोली आणि आडवं अंतर धरलं की ३० मीटर पाइप पुरेना. म्हणून चौघांनी मिळून यंत्र खाली कपारीवर उतरवलं, नर्सरीच्या पंपाशेजारी. माझ्या मते अपघात इथेच घडला. पुढे जे झालं ते त्याचा परिणाम. पाइप अपुरा पडला म्हणून यंत्र खड्ड्यात आलं आणि यंत्राबरोबर त्याचा धूरही.

दुपारी दोनच्या सुमारास धाकटा उतरला. कमरेला लोखंडी साखळीचं वजन, सुतळीने घट्ट बांधलेलं. फूट व्हॉल्व्ह गाळात रुतला होता, तो मोकळा करायला वेळ लागला. अर्धा तास गेल्यावर कपाळ ठणकू लागलं. त्याला वाटलं, मास्कचा पट्टा घट्ट झाला असेल. दहा मिनिटांनी मळमळ आणि हातापायातलं बळ गेल्यासारखं. दोरी धरून तो वर निघाला. वर येताना त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढला, शेवटचे दोन मीटर कसे आलो ते आठवत नाही, असं तो सांगतो. काठावर त्याला ओढून घ्यावं लागलं. दोन वेळा उलटी झाली.

थोरल्याचंही डोकं त्या दिवशी दुखत होतं, हे मला तिसऱ्यांदा विचारल्यावर कळलं. त्याने ते उन्हावर टाकलं होतं. पारा ४४ अंशांवर. नागपूरकर मेमध्ये डोकेदुखीचं दुसरं कारण शोधायला जात नाही.

जवळच्या दवाखान्यातही तेच निदान झालं: ऊन लागलं. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९८ टक्के. ओआरएस दिलं, पंख्याखाली झोपवलं. घरच्यांनी कांदा फोडून तळपायाला चोळला. तासाभरात उलट्या थांबल्या तरी चालताना तोल जात होता, म्हणून वहिनीने हट्ट धरून मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने पहिला प्रश्न केला: "पाण्याखाली श्वास कशाने घेत होता?" मग दुसरा: "बिडी-सिगारेट?" बिडी नाही, खर्रा खातो. खर्ऱ्याने रक्तातला कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे धुरातला विषारी वायू, वाढत नाही, बिडी-सिगारेट ओढल्याने वाढतो. धमनीतलं रक्त घेऊन को-ऑक्सिमेट्री केली. कार्बोक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड धरून बसलेलं हिमोग्लोबिन, १२.६ टक्के. धूम्रपान न करणाऱ्यात ते २-३ टक्क्यांच्या आत असतं. लगेच रिझर्व्हॉयर मास्कने ऑक्सिजन सुरू झाला.

बोटावरचा ऑक्सिमीटर या बाबतीत दगा देतो आणि तो का देतो हे प्रत्येक दवाखान्याला माहीत असायला हवं. तो प्रकाशाच्या दोनच तरंगलांबींवर रक्ताचा लाल रंग जोखतो. कार्बन मोनॉक्साइड धरून बसलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनने भरलेलं दिसतं. रक्त विषाने भरलेलं असताना पडद्यावर ९८ दिसू शकतात. ओठही निळे पडत नाहीत.

दोन तासांपूर्वीचा आकडा

रक्ताची चाचणी झाली तेव्हा पाण्याबाहेर येऊन सुमारे दोन तास झाले होते. साध्या हवेत कार्बोक्सीहिमोग्लोबिन निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर तासाभरात किंवा थोड्या जास्त वेळात. मागे मोजत गेलं तर बाहेर येताना त्याच्या रक्तात १७ टक्क्यांच्या आसपास असणार. डोकेदुखी, मळमळ, अशक्तपणा या लक्षणांशी ते जुळतं. आणखी पंधरा-वीस मिनिटं तो खाली थांबला असता तर काय, हा विचार मी थोरल्यासमोर मोठ्याने केला नाही.

वर येताना त्रास वाढला, यालाही कारण आहे. ६ मीटरवर दाबामुळे ऑक्सिजनचाही दाब दीडपटीहून जास्त असतो; विषाची थोडी भरपाई तो करतो. माणूस वर निघाला की ही भरपाई संपत जाते, पण हिमोग्लोबिनला चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड तिथेच राहतो. म्हणून शुद्ध हरपायची भीती पृष्ठभागाच्या जवळ जास्त, अगदी हात काठाला लागायच्या बेतात.

धूर कुठून आला

रक्तातला आकडा कारण सांगतो, वाट सांगत नाही. शक्यता तीन होत्या. एक, इंजिनाचा धूर हवेबरोबर ओढला गेला. दोन, तापलेल्या कॉम्प्रेसरमध्ये तेल जळून आतच कार्बन मोनॉक्साइड तयार झाला. उन्हाळ्यात तेलाच्या कॉम्प्रेसरमध्ये हे घडतं. तीन, शेजारच्या नर्सरीच्या डिझेल पंपाचा धूर. तिसरी शक्यता तिथेच बाद झाली, फूट व्हॉल्व्ह तुटल्यामुळे पंप बंदच होता.

दुसरी तपासायला यंत्र गॅरेजमध्ये आणलं, इंजिन काढून मूळची वीजमोटर लावली आणि भर दुपारी पाऊण तास चालवलं. टाकीला हात लावता येत नव्हता, सेपरेटरमध्ये तपकिरी तेलकट पाणी साठलं, पण कोळसा खाणीत वापरतात तसला कार्बन मोनॉक्साइड मीटर रेग्युलेटरच्या तोंडाशी शून्याच्या आसपासच राहिला. म्हणजे या वेळी तेल जबाबदार नव्हतं. पण अशी तेलाची वाफ रोज फुप्फुसात गेली तर तेलकट न्यूमोनिया होऊ शकतो, हा वेगळा धोका. तो मी अहवालात वेगळा नोंदवला.

मग इंजिन पुन्हा जोडून यंत्र खदानीच्या त्याच कपारीवर, त्याच वेळी. पाण्यात कोणीही नाही. एक मीटर कॉम्प्रेसरच्या फिल्टरजवळ, दुसरा पाइपाच्या टोकाशी. वारा वाहत होता तोवर आकडे दहाच्या आत. मग वारा पडला. खदान म्हणजे तीन बाजूंनी कातळ असलेला वाडगा. वरून वारा आला तरी भिंतीला आपटून खाली घोळत राहतो, आणि थांबला की आतली हवा हलत नाही. पाच मिनिटांत फिल्टरजवळ १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग), मग १८०, एकदा २०० च्या वर. पाइपाच्या टोकाशी तेवढेच, थोड्या उशिराने.

श्वसनाच्या हवेसाठीच्या युरोपीय मानकात, ईएन १२०२१ मध्ये, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ५ पीपीएम आहे. इथे ती छत्तीसपट ओलांडली गेली होती आणि तीही पृष्ठभागावर. ६ मीटरवर दाब १.६ पट असल्याने १८० पीपीएमचा शरीरावरचा परिणाम वर २८८ पीपीएम ओढल्यासारखा. चाळीस मिनिटं जड श्वास धरून मी ढोबळ हिशोब मांडला, तो १७ टक्क्यांच्या आसपासच आला. रक्ताचा रिपोर्ट आणि खदानीतला मीटर एकमेकांना दुजोरा देत होते.

"सर, पण धूर त् वर जाते न?" थोरला म्हणाला. गरम असेपर्यंत जातो. थंड झाला की कार्बन मोनॉक्साइडचं वजन हवेइतकंच. तो ना वर जातो ना खाली बसतो, हवेत मिसळून जातो.

शेवटी कार्बनची नळी काढून यंत्र पुन्हा चालवलं. पाइपाच्या टोकाला लगेच पेट्रोलच्या धुराचा उग्र वास आला. थोरला पाइप हातात धरून गप्प उभा राहिला. धुराला वास येतो तो अर्धवट जळलेल्या पेट्रोलच्या वाफांचा आणि आल्डिहाइडांचा. कार्बन ते शोषून घेतो. कार्बन मोनॉक्साइड त्याला सापडत नाही. तो जसाच्या तसा पुढे जातो आणि त्याला स्वतःचा वास नाही, चव नाही. नळी नसती तर धाकट्याने वासाने हैराण होऊन दहा मिनिटांत तोंडातून रेग्युलेटर काढला असता. भावाच्या सोयीसाठी प्रेमाने बसवलेल्या वस्तूने एकमेव इशारा पुसून टाकला. गेली अनेक वर्षं मी उपकरणं तपासतोय, पण अर्धवट शुद्धीकरण इतकं घातक ठरलेलं क्वचितच पाहिलं.

कार्बन मोनॉक्साइड पकडणारं रसायन आहे: हॉपकलाइट, म्हणजे मँगेनीज डायऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइड यांचं मिश्रण. ते कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतं. मँगेनीज म्हटल्यावर थोरल्याचे डोळे चमकले. मँगेनीज काढणाऱ्या मॉइल कंपनीचं मुख्यालय नागपुरातच, आजूबाजूला मँगेनीजच्या खाणी. पण खाणीतलं खनिज नळीत भरून हॉपकलाइट होत नाही आणि खरं हॉपकलाइटही ओलसर हवेत निकामी होतं, त्याच्या आधी हवा कोरडी करणारा टप्पा लागतो. दुसरी नळी ठासायचा बेत मी तिथेच मोडला. धूर आत घेऊन मग गाळत बसण्यापेक्षा धूर आत येणार नाही अशी जागा यंत्राला द्यायची.

"दम धरतो न जी"

कारण सापडलं होतं, अहवाल तिथे संपवता आला असता. पण धाकट्याशी बोलताना मी सहज विचारलं, वर येताना श्वासाचं काय करतोस?

"दम धरतो न जी. पाण्यात अजून काय करते माणूस?"

या उत्तराने मला मीटरवरच्या आकड्यापेक्षा जास्त घाबरवलं. विहिरीत, तलावात पोहायला शिकलेल्या प्रत्येकाच्या हाडीमाशी हेच असतं: पाण्यात दम धरायचा, वर आल्यावर सोडायचा. वरून दम भरून उतरणाऱ्याला त्यात धोका नाही. खाली जाताना त्याच्या छातीतली हवा आकुंचन पावते आणि वर येताना मूळ मापाला परत येते. पाइपातून हवा घेणाऱ्याचं गणित उलटं. ६ मीटरवर त्याने ६ लिटर हवा भरून दम धरला तर पृष्ठभागावर तिला साडेनऊ लिटरहून जास्त जागा लागते. छातीत तेवढी जागा नसते. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या फाटतात, हवा रक्तात शिरते आणि बुडबुडा मेंदूत अडकला की अर्धांगवायू किंवा मृत्यू. भरलेली छाती धरून जेमतेम सव्वा मीटरवरून वर आलं तरी हे होऊ शकतं. जलतरण तलावाच्या उथळ बाजूइतकं पाणी.

"उथळ आहे, काय होते?" हे वाक्य दोन्ही भाऊ वारंवार बोलत होते. रक्तात नायट्रोजन साठून होणाऱ्या त्रासापुरतं ते बरोबर आहे. ६ मीटरवर तो प्रश्न जवळपास येत नाही. पण हवेच्या आकारमानातला फरक पृष्ठभागाजवळच सगळ्यात तीव्र असतो. शून्य ते दहा मीटर या पट्ट्यात दाब दुप्पट होतो. वीस ते तीस मीटरमध्ये फक्त एक तृतीयांशाने वाढतो. फुप्फुस फुटायची जागा उथळ पाणीच.

धाकटा आजवर वाचला, कारण दोरीने हळूहळू चढताना तो नकळत श्वास सोडत असावा. मी त्याला सांगितलं की पाइपातली हवा घेतल्यावर वर येताना श्वास चालूच ठेवायचा. रेग्युलेटर तोंडातून सुटला तर पूर्ण वाटेत आवाज काढत हवा सोडत यायचं. तो म्हणाला, समजलं. पण घाबरलेल्या माणसाचं शरीर लहानपणी शिकलेलंच करतं. हे तोंडी सांगून जात नाही, उथळ तलावात प्रशिक्षकासमोर पुन्हा पुन्हा करून जातं. राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, एमटीडीसीचं, स्कूबा केंद्र सिंधुदुर्गात तारकर्लीला आहे; किमान तिथला प्राथमिक अभ्यासक्रम केल्याशिवाय पाइप तोंडात धरू नये, असं मी लिहून दिलं. तो पर्यटकांसाठीचा अभ्यासक्रम, खदानीत काम करायचा परवाना नव्हे, हेही त्याच ओळीत.

बाकी जे सापडलं

पाइपाच्या तोंडाशी उलटी हवा अडवणारा व्हॉल्व्ह नव्हता. वर पाइप निसटला तर पाइपातला दाब एकदम १ बारवर येतो, खाली छातीवर १.६ बार. अशा वेळी तोंडातली, फुप्फुसातली हवाच पाइपातून वर ओढली जाऊ शकते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह छोटासा असतो, तो पाणबुड्याच्या टोकाला हवा. पाइपाचे जोड गार्डनच्या क्लिपांनी आवळलेले; क्लिप ओढली तर हातात आली. पाइप कंबरपट्ट्याला कुठेही बांधलेला नाही, म्हणजे पाइपाला बसलेला प्रत्येक हिसका थेट दातांवर.

टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह रंगाच्या थरांनी चिकटून बसला होता. गॅरेजमधली टाकी, तिच्यावर वर्षानुवर्षं फवारा उडालेला. टाकी आतून गंजलेली. ८ बारवर १०० लिटरची टाकी फुटली तर कपारीवरचा माणूस उरत नाही. टाकीतला साठा पाहिला तर इंजिन बंद पडल्यावर ८ बारपासून ४ बारपर्यंत ४०० लिटर हवा मिळते, म्हणजे खाली सहा मिनिटं. वेळ वाईट नाही, पण वरच्या माणसाचं गेजकडे लक्ष हवं आणि खाली इशारा द्यायची ठरलेली दोरी-खूण हवी. दोन्ही नव्हतं. थोरल्याला पोहता येत नाही. आणि सुतळीची गाठ ओल्या हाताने, पाण्याखाली, चक्कर येत असताना सुटत नाही. वजनाच्या पट्ट्याला एका ओढीत सुटणारं बक्कलच लागतं.

माणूस उतरायलाच हवा का

काम मिळालं की धाकटा उतरणार, हे घरात गृहीत धरलेलं होतं. गेल्या काही कामांची यादी थोरल्याने आठवून सांगितली. मोटारी, पाइप, फूट व्हॉल्व्ह, एक लोखंडी शिडी. त्यातली बहुतेक विहिरीची घागर काढायच्या गळाचा मोठा अवतार, पाण्यात उतरणारा कॅमेरा, तिपाई आणि चेन पुली यांनी निघाली असती. नर्सरीचा फूट व्हॉल्व्ह अखेर तसाच निघाला: लोखंडी सळीचे चार आकडे वळवून, दोरीने गाळ खरवडत. नव्या फूट व्हॉल्व्हला मी साखळी लावायला सांगितली, तिचं दुसरं टोक कपारीवरच्या खुंटीला. पुढच्या वेळी तुटला तरी तळाला जाणार नाही.

विहिरींबाबत मी जास्त कठोर आहे. खदानीला निदान वरून आभाळ मोकळं. अरुंद विहिरीत पाण्याच्या वरच्या हवेतच ऑक्सिजन कमी असू शकतो, कुजलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघू शकतो, आणि कोणी डिझेल किंवा पेट्रोल इंजिन आत उतरवलं तर इथे घडलं तेच, पण कितीतरी वेगाने. एक बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. हवा न मोजता विहिरीत कोणी उतरायचं नाही, पाण्यात तर नाहीच.

उतरणं अटळच असेल त्या कामांसाठी अटी अहवालात आहेत. इंजिनावर चालणारा हा कॉम्प्रेसर श्वसनासाठी कायमचा बाद, तो रंगकामाला परत. त्याच्या जागी तेल नसलेला, वीजमोटरवरचा कॉम्प्रेसर, खदानीच्या वरच्या काठावर, हवा ओढणारी नळी माणसाच्या उंचीहून वर आणि वाऱ्याच्या येणाऱ्या बाजूला. जनरेटर लागणार, त्याचाही धूर असणारच. तो वाऱ्याच्या जाणाऱ्या बाजूला, लांब केबलवर, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), कारण ओल्या जागेत विजेचा धोका वेगळा उभा राहतो. पाइप लांब, आतून १० मिलिमीटर, खाद्यपदार्थांसाठीच्या दर्जाचा. हवेच्या वाटेवर कायम चालू कार्बन मोनॉक्साइड अलार्म. वर पोहता येणारा दुसरा माणूस, उतरायच्या तयारीत. आणि पाणबुड्याच्या अंगावर स्वतंत्र छोटा सिलिंडर, ज्यावर तो कॉम्प्रेसर विसरून वर येऊ शकेल. सिलिंडर मंजूर बनावटीचा आणि वेळेवर दाबचाचणी झालेला हवा. देशभरातल्या अशा सिलिंडरांचे नियम राबवणाऱ्या पेसोचं मुख्यालय याच शहरात, सेमिनरी हिल्सवर आहे, भंगारातल्या बाटल्यांना निमित्त नको.

थोरल्याने हिशोब केला आणि म्हणाला, "इतक्यात त् गॅरेजचा रंगाचा बूथ होते." होतो. काम तेवढ्याचं आहे.

धाकट्याला रुग्णालयाने ऑक्सिजनवर ठेवून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. पण कार्बन मोनॉक्साइडचा मेंदूवरचा परिणाम कधी कधी काही दिवसांनी, काही आठवड्यांनीही उगवतो: विसरभोळेपणा, चालीत फरक, स्वभाव बदलणं. डॉक्टरांनी दोन आणि चार आठवड्यांनी पुन्हा बोलावलं, सरळ रेषेत चालवलं, आकडे उलटे मोजायला लावले. दोन्ही वेळा ठीक. वहिनीला काय काय लक्षात ठेवायचं ते कागदावर लिहून दिलं. तिला त्याचं महत्त्व घरात सगळ्यात आधी कळलं होतं.

यंत्रातलं इंजिन थोरल्याने काढून विकलं. कार्बनची नळी मी मागून घेतली, प्रशिक्षणात दाखवायला. गळ आणि चेन पुलीवर त्यांची कामं चालू आहेत. नवा कॉम्प्रेसर घ्यायचा की नाही यावर दोघांचं अजून जमलेलं नाही. घेतलाच तर कोणी पाण्यात पाय टाकायच्या आधी तो त्याच खदानीच्या काठावर, वारा पडलेल्या दुपारी, पाऊण तास मीटरसमोर चालवायचा, एवढं दोघांनी मान्य केलं आहे.